कार्लच्या पुढची सात अक्षरं

लिनिया पीटरसन माझ्याशी पहिल्यांदा बोलली तीच भांडल्यासारखी. अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत घर घेऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. बेल वाजली, दार उघडलं, तर समोर एक उंच, ताठ म्हातारी. अंगात चौकडीचा पुरुषी शर्ट, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात चुकून शेजारी तिच्याकडे गेलेलं माझं टपालाचं पाकीट. हॅलो नाही की वेलकम नाही. पाकिटावरच्या नावावर बोट ठेवून म्हणाली, "वैशाली संजय काळे. वैशाली तू. मग हा संजय कोण?"

"माझा नवरा."

"मग तो तुझ्या नावाच्या मध्ये काय करतोय?"

आता दारात उभं राहून हिला काय समजावणार! तरी सांगितलं. आमच्याकडे आधी स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव. मी वैशाली मुरलीधर पाठक होते. लग्नानंतर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, आडनावही बदलतं.

"म्हणजे वडिलांना काढून टाकलंस?"

"काढलं नाही हो, बदललं."

"त्यांना विचारलं होतंस?"

असा संताप आला म्हणून सांगू! ओळख ना पाळख, आणि ही मला माझ्या बापाबद्दल विचारणार. मी थँक यू म्हणून दार लावून घेतलं. पण भाजी चिरताना ते डोक्यातून जाईना. खरं सांगायचं तर पासपोर्टच्या वेळी साताऱ्याच्या एजंटनं "मॅडम, आता मिस्टरांचं नाव टाकू ना?" असं विचारलं होतं, आणि मी मान हलवली होती. बाबांना विचारायचं असतं हे मला सुचलंसुद्धा नव्हतं.

ही अशी लिनिया. नको तिथं बोट ठेवायचं आणि ते दाबत राहायचं. तेव्हा ती ब्याऐंशीची होती. रॉय, म्हणजे तिचा नवरा, जाऊन चार वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा गॅरी डॅलसजवळ अर्विंगला. ती एकटीच राहायची, आणि बर्फ पडला की आम्ही उठायच्या आत स्वतःचा ड्राइव्हवे साफ करून आमच्या ड्राइव्हवेकडे तुच्छतेनं बघत उभी असायची. संजय फावडं घेऊन बाहेर आला की म्हणायची, "इंटरेस्टिंग." मिनेसोटातलं 'इंटरेस्टिंग' म्हणजे काय हे कळायला आम्हाला एक अख्खा हिवाळा लागला. त्याचा अर्थ, 'अरे काय हे ध्यान!'

कौंटीच्या नोंदणी कार्यालयात तिची अख्खी नोकरी गेली. जन्म, लग्न, मृत्यू, सगळे दाखले टाइप करायचे. त्यामुळे माणूस भेटला की ती आधी त्याचं नाव तपासायची, मग चेहरा. आणि नावात 'सन' दिसलं की तिचं डोकं फिरायचं. आता मिनेसोटात 'सन' कुठं नाही? अँडरसन, जॉन्सन, ओल्सन, स्वान्सन. आमच्या गल्लीतच तीन होते. डेंटिस्ट एक, मुलीची टीचर एक. आणि ही त्या प्रत्येकाला विचारणार, "तुझ्या वडिलांचं नाव अँडर्स आहे का? नाही ना? मग तू कसला अँडरसन?"

हे सगळं तिनं मला तिच्या स्वयंपाकघरात, गरम पाण्यासारखी पातळ कॉफी पाजत, एका पाकिटाच्या मागच्या बाजूला लिहून समजावलं होतं. स्वीडनमध्ये साध्या शेतकऱ्यांना आडनावच नसायचं. अँडर्सचा मुलगा पेर, तो पेर अँडर्सन. पेरचा मुलगा नील्स, तो नील्स पेरसन. नील्सची मुलगी आना, ती आना नील्सडॉटर. म्हणजे नील्सची डॉटर; त्यांच्या भाषेतही तोच उच्चार, फक्त स्पेलिंग साधं आणि मध्ये दोन टी. एका घरात बापाचं नाव एक, मुलाचं दुसरं, मुलीचं तिसरं, आणि कुणाचंही काही अडत नव्हतं. सैन्यात मात्र अडायचं. एका तुकडीत सहा-सहा पेर अँडर्सन निघाले की हाक कुणाला मारणार? मग साहेब त्यांना नवीन नावं द्यायचा. कुणाला शूर, कुणाला ढाल, कुणाला भाला.

"आणि लग्न झाल्यावर?" मी विचारलं.

तिनं पेन्सिल खाली ठेवली. या प्रश्नाची ती वाटच बघत होती. "लग्न झाल्यावर काय? काही नाही. आना नील्सडॉटर लग्न झालं तरी आना नील्सडॉटर, विधवा झाली तरी, मेली तरी. पाद्री वहीत तसंच लिहायचा. नवरा बदलेल गं, बाप कसा बदलेल?"

नंतर कधीतरी तिकडेही ही नावं गोठली. इकडे आलेल्यांची त्याआधीच गोठली होती. बोटीवरच्या कारकुनांनी नावं बदलली असं कुणी म्हटलं की ती खवळायची. "कारकुनांना दोष देऊ नका, मी कारकून होते! आपल्याच लोकांनी केलं. शेजाऱ्यांसारखं दिसायला हवं ना!" तिच्या पणज्याच्या बापाचं नाव नील्स. पणजा इकडे आला, नील्सन लिहायचा, इथं त्याचं नेल्सन झालं आणि तिथंच घड्याळ बंद पडलं. तिचे वडील कार्ल नेल्सन. ती लिनिया नेल्सन. मग रॉयशी लग्न करून लिनिया पीटरसन. "आधी नील्सचा मुलगा, मग पीटरचा मुलगा," ती म्हणायची. "ब्याऐंशी वर्षं मी बाई असून कुणाचा तरी मुलगा आहे. कोण हा पीटर? रॉयलाही माहीत नव्हतं. रॉयच्या बापाचं नाव हॅरल्ड."

रॉयबद्दल तिची काडीची तक्रार नव्हती. त्याचा विषय निघाला की तिचा आवाज मऊ व्हायचा. भांडण त्या पीटरशी होतं.

आमच्या पद्धतीवर ती खूश होती. वडिलांचं नाव मध्ये बदलत राहतं, आडनाव मागे तसंच राहतं, हे ऐकून म्हणाली, "तुम्ही लोक अर्धे शहाणे आहात." आणि त्या दिवसापासून तिनं आमचं बारसंच केलं. माझी मुलगी ईरा झाली संजयसडॉटर. ईराला कोण आनंद! "आई, इट साउंड्स लाइक अ वॉरियर," म्हणून शाळेच्या दप्तरावर लिहून मोकळी. मी झाले मर्लीडार्सडॉटर. भर दुकानात, भाजीच्या शेल्फाच्या त्या टोकाकडून, "मर्लीडार्सडॉटर! कोबी इकडे आहे!" लाज वाटायची, रागही यायचा. आणि बाबांचं नाव इतक्या मोठ्यांदा कुणी घेतलेलं किती वर्षांत ऐकलं नव्हतं, हेही जाणवायचं.

संजय म्हणायचा, "यार, तुझ्या त्या म्हातारीनं मला व्हिलन करून टाकलंय. मी काय केलं? फॉर्म तू भरलास."

एकदा तिनं मला त्यांच्या चर्चच्या जेवणाला नेलं. तळघरात लांब टेबलं, मांसाचे गोळे, उकडलेले बटाटे, आणि पांढऱ्या केसांची सत्तर-ऐंशी माणसं. पाद्रीनं कुणाला दोन शब्द बोलायचेत का, असं सहज विचारलं आणि मी कपाळावर हात मारला, कारण ही उठलीच. "ज्यांच्या नावात सन आहे त्यांनी उभं राहा." जवळजवळ सगळं तळघर उठलं, हसत हसत. "आता ज्यांच्या वडिलांचं खरोखर तेच नाव आहे ते सोडून सगळे बसा." सगळे बसले. एक ऐंशी वर्षांचा जॉन जॉन्सन तेवढा उभा राहिला. "आणि बायकांनो," ती म्हणाली, "तुम्ही उठलाच कशाला?" कुणी हसेना. शेजारची बाई बटाट्यांकडे बघत "उफ्फ दा", म्हणजे इथलं "अगं बाई", म्हणाली. परतीच्या वाटेवर गाडीत मी तिला म्हटलं, "काय मिळालं तुम्हाला लोकांचं जेवण कडू करून?" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "जॉन जॉन्सन मिळाला."

हसण्यावारी नेण्यासारखं होतं तोवर मी नेलं. पण आम्ही आल्यानंतरच्या चौथ्या वसंतात तिनं टपालपेटीवरचं पीटरसन खरवडून काढलं आणि तिथं चिकटवलं, कार्ल्सडॉटर. झालं! नवीन पोस्टमननं या पत्त्यावर पीटरसन कुणी राहत नाही असं ठरवून तिचं टपाल परत पाठवायला सुरुवात केली. त्यात तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या. चार दिवस गोळ्यांशिवाय काढले तिनं, आणि बोलली नाही. पाचव्या दिवशी पायरीवर चक्कर येऊन बसलेली मला दिसली. ऑफिसची मिटिंग सोडून तिला पोस्टात घेऊन गेले. काउंटरवरचा माणूस बिचारा पाकीट हातात घेऊन उभा. "मॅम, इथं पीटरसन म्हणून सही करा, लगेच देतो." ही म्हणते, "ते माझं नाव नाही." "पण मॅम, तुमच्या लायसन्सवर आहे." "लायसन्स चुकलंय." मागे रांग वाढतेय, माझा फोन वाजतोय, आणि ही काठी टेकून उभी, हट्टाला पेटलेली. शेवटी लायसन्स दाखवून मीच सही केली, त्यानं कुरकुरत गोळ्या दिल्या, आणि पार्किंगमध्ये आल्यावर माझा तोल सुटला. मराठीतच सुरू झाले. "अहो, अक्कल गहाण टाकलीय का? नावापायी जीव द्यायचाय? कोण बघतंय तुमची पेटी?" तिला अक्षर कळलं नसणार. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मग ती म्हणाली, "गाडीत बस. तुला एक दाखवायचंय."

पंचवीस मिनिटांवर एक छोटं गावठाण, त्याच्या कडेला दफनभूमी. तिनं मला एका राखाडी ग्रॅनाइटसमोर उभं केलं. वर मोठ्या अक्षरांत पीटरसन. खाली डावीकडे रॉय, दोन सालं. उजवीकडे लिनिया, जन्माचं साल, एक आडवी रेघ, आणि पुढे मोकळी जागा.

 माणूस शेजारी उभं, आणि त्याचं नाव दगडावर. ती मात्र सवयीनं म्हणाली, "रॉय गेला तेव्हा दोघांचं एकदमच करून घेतलं. गॅरीनं ऑर्डर दिली. मी तेव्हा शुद्धीवर नव्हते, मान हलवली." मग म्हणाली, "मला इथं कार्ल्सडॉटर हवंय."

तिथंच, त्या दगडाला पाठ टेकून, तिनं ते सांगितलं. ती नऊ वर्षांची असताना कार्ल गेला. उत्तरेकडच्या शेतावर, घोड्याची लाथ बसून. लाकडी क्रूस लावला होता. आईनं वर्षात दुसरं लग्न केलं, शेत विकलं, गाव सोडलं. नवीन घरात कार्लचा फोटो लागला नाही, नाव निघालं नाही. तिनं मोठेपणी जाऊन शोधलं तेव्हा ते चर्च पडलं होतं, क्रूस कुजला होता, आणि कुठला उंचवटा कोणाचा हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. "घरी तो मला नेल्सन म्हणायचा नाही. शाळेत तू नेल्सन, घरात कार्ल्सडॉटर, असं म्हणायचा. तो होता याची खूण आता तेवढीच एक. मी मेले की तीही गेली."

 पार्किंगमध्ये बोलले ते सगळं तोंडात मारल्यासारखं परत आलं.

अडचण गॅरीची होती. जागा मायलेकांच्या नावावर, त्यामुळे दगडावर काहीही करायचं तर दोघांची मंजुरी लागणार. लिनियाचा आणि त्याचा या विषयावर अबोला होता, म्हणून फोन मी केला. मला वाटलं होतं, माणूस उर्मट असेल. तसा नव्हता. थकलेला होता. "शी इज इरेझिंग माय डॅड," तो म्हणाला. "पेटीवरून काढलं, आता दगडावरून. पन्नास वर्षं त्यांनी संसार केला. ती कार्ल्सडॉटर झाली तर मी कुणाचा? पीटरसनांची आई कुठं गेली?" मी म्हटलं, पीटरसन वर राहणारच आहे, खाली एक शब्द वाढवायचाय. "तो शब्द नाही. लोक विचारतील ही कोण." शेवटी म्हणाला, "तुमच्या नावात काय आहे, वैशाली? नवऱ्याचंच ना?"  आई तशी लेक, आई तसा मुलगा, दोघांनी मिळून माझ्या नाकी नऊ आणले होते.

"तो नाही म्हणाला तरी अर्ज पाठव," लिनियानं हुकूम सोडला. तिला आता स्क्रीनवरचं वाचता येत नव्हतं, नजरेच्या मधोमध डाग आला होता. दगडवाल्यांचा फॉर्म ऑनलाइन. मी तिच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. एका कानात ऑफिसचा कॉल म्यूटवर, दुसऱ्या कानात ही. पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव. "मध्ये माझ्या वडिलांचं नाव," ती म्हणाली. "नीट लिहिलंस?"

"लिहिलं," मी म्हटलं. आणि लिहिलंही होतं.

पहिलीपासून दहावीपर्यंत, प्रत्येक वहीवर, प्रत्येक पेपरवर या हातानं एकच गोष्ट केलेली आहे. आपलं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. हात आपोआप चालला. लिनिया. कार्ल. पीटरसन.

आठवड्यानं नमुना मंजुरीला आला. दोन मिटिंगांच्या मध्ये तिच्याकडे धावले. "आलंय. वडिलांचं नाव मध्ये आहे," म्हणून तिच्या वतीनं बटण दाबलं. लढाईच्या तयारीत बसलेल्या गॅरीनं 'कार्ल' एवढंच बघितलं, आईनं माघार घेतली असं समजून सुटकेचा श्वास सोडला आणि त्यानंही लगेच मंजुरी दिली. तो हो म्हणाला हे कळल्यावर लिनिया दोन दिवस हवेत होती. मला भाव चढला होता. मर्लीडार्सडॉटरनं करून दाखवलं!

ऑक्टोबरमध्ये बघायला गेलो. मी लांबूनच वाचलं. लिनिया, आणि खालच्या ओळीत, बरोब्बर मध्यावर, कार्ल. बास. ग्रॅनाइटमध्ये. खोडरबर चालत नाही त्यावर.

"वाच," ती म्हणाली.

वाचलं. खोटं काय बोलणार?

"कार्ल?" ती केवढ्यांदा ओरडली! "मी बाई आहे! कार्ल काय! इतकी वर्षं पीटरचा मुलगा होते, आता तू मला सरळ बापच करून टाकलंस!" काठी आपटली, मला मूर्ख म्हणाली, कारकून म्हणून पहिल्याच दिवशी हाकललं असतं म्हणाली. मी रडत होते. स्वतःचा असा राग मला आयुष्यात आला नव्हता. चार वर्षं माझं डोकं खाल्लं हिनं, आणि जे एक काम विश्वासानं दिलं ते मी म्यूटवरच्या कॉलपायी घालवलं.

मग तिनं हातमोजा काढला. दगडापाशी वाकली आणि बोटांनी ती चार अक्षरं चाचपायला लागली. के. ए. आर. एल. परत पहिल्यापासून. वारा इतका गार होता की तिची बोटं लाल झाली, तरी थांबेना.

"त्याला दगड नव्हता," ती म्हणाली. "हे मी पहिल्यांदाच बघतेय."

मग सरळ होऊन नाक पुसून म्हणाली, "पुसता येत नाही ना? पुढे लिहिता तर येतं. सात अक्षरं. लाव गॅरीला फोन."

गॅरीला आधी समजेचना. "म्हणजे तिला कार्ल नको होतं? मग आता दगडावर काय आहे?" मी म्हटलं, "आता दगडावर तुमची आई कार्ल पीटरसन आहे. तसंच ठेवायचं, की पुढे वाढवायचं, एवढंच ठरवा."  आणि मग तो माणूस हसायला लागला, थांबेचना, आणि शेवटी शेवटी ते हसणं राहिलं नाही. "वाढवा," तो म्हणाला. "आईला पुरुष म्हणून पुरू की काय!"

पण जमीन गोठायला आली होती, थंडीत दगडवाले येत नाहीत. मे महिन्याची तारीख मिळाली. अख्खा हिवाळा मी धास्तीत काढला. ती नव्हती धास्तीत. "मी अर्धवट नावानं मरणार नाही," एवढंच म्हणायची, आणि बर्फ काढायला संजयला हाका मारायची.

जूनमध्ये ती गेली, झोपेत. मी तेव्हा साताऱ्यात होते. गॅरीचा मेसेज आला.

त्याआधी, मेमध्ये, दगडवाला आला तेव्हा आम्ही तिघंही तिथं होतो. गॅरी अर्विंगहून आला होता. दगडवाल्यानं टेप लावून मोजलं आणि मान हलवली. कार्ल मध्यावर कोरलेलं, त्यामुळे पुढची सात अक्षरं पार उजव्या कडेपर्यंत जाणार, ओळ एका बाजूला कलणार. चालेल का?

"कलू दे," लिनिया म्हणाली.

त्यानं रबराचा साचा चिकटवला. स्पेलिंग विचारलं तर मी तोंड उघडायच्या आत गॅरीनं सांगितलं, एकेक अक्षर, दोन टी नीट सुटे करून. लिनियानं त्याच्याकडे वळून बघितलं. मग दगडवाला म्हणाला, आता वाळूच्या झोतानं कोरायचंय, ती उडेल, मागे बसा. गॅरीनं तिची घडीची खुर्ची दहा पावलं मागे नेली. त्याची पाठ वळताच तिनं ती पाच पावलं पुढे ओढली. त्यानं परत मागे नेली, तिनं परत पुढे घेतली. शेवटी तो तिच्यापुढे उभा राहिला, वाळू स्वतःच्या अंगावर घेत, आणि ती त्याच्या कमरेच्या बाजूनं वाकून बघायला लागली.

मला दोनची मिटिंग होती. मी घड्याळ बघितलं, म्हटलं, निघते. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, माशी हाकलावी तसा हात हलवला. यंत्र सुरू झालं होतं. मला तिची पाठ दिसली, तो चौकडीचा शर्ट, आणि गॅरीच्या पॅन्टला धरलेला हात.

मिटिंग कॅन्सल झाल्याचा मेसेज मला ऑफिसच्या पार्किंगमध्ये मिळाला. परत जायला पंचवीस मिनिटं लागली असती. मी वर जाऊन ईमेल बघत बसले.